नगररचना आणि विद्यापीठ : प्रो. गेडिस यांच्या अध्यापनाचा वृत्तान्त

सुताराचा मुलगा रंधा धरावयास शिकतो तो बापाच्या शेजारी बसून; वैद्यकाचा विद्यार्थी रोग ओळखावयास शिकतो तो रुग्णाच्या खाटेशी उभा राहून; आणि वकिलीची सनद हाती पडल्यावरही नवा वकील खरी वकिली शिकतो ती एखाद्या जुन्या वकिलाच्या मागोमाग कोर्टाच्या पायऱ्या चढून. ज्या विद्येचा प्रत्यक्ष वस्तूशी व माणसांशी संबंध येतो ती केवळ पुस्तकांतून उतरत नाही, हा अनुभव आपल्या समाजास नवा नाही. परंतु ज्या विद्येच्या जोरावर एखाद्या गावाचे रस्ते, तळी, बाजार आणि वस्त्या यांची पुढील वीस वर्षांची मांडणी ठरते, ती नगररचनेची विद्या तरुणांनी कोणाच्या शेजारी बसून शिकावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला दिसत नाही.

हा प्रश्न आज केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. २०१४ नंतरच्या काळात महाराष्ट्रातील तालुक्याच्या ठिकाणच्या पुष्कळशा ग्रामपंचायतींचे रूपांतर नगरपंचायतींत झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्यासारखी, कालपरवापर्यंत मोठे खेडे म्हणून ओळखली जाणारी गावे कायद्याच्या दृष्टीने नगरे झाली. नगर झाले की नकाशा आला, नकाशा आला की त्यावर रेघा ओढणारा आला. आणि त्या रेघा कोणाच्या शेतातून, कोणाच्या घरावरून आणि कोणत्या तलावाच्या पाळीवरून जाव्यात हे ठरविण्याची वेळही आली. अशा वेळी मागे वळून एका जुन्या प्रयोगाकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. काम करणाऱ्या नगररचनाकारासच विद्यापीठात आणून बसवावे आणि त्याच्या हातून विद्यार्थी घडवावेत, हा प्रयोग मुंबई विद्यापीठाने १९१९ साली करून पाहिला होता. त्या नगररचनाकाराचे नाव पॅट्रिक गेडिस.

त्या प्रयोगाची पार्श्वभूमी प्लेगाने तयार केली होती. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि दाट वस्तीच्या चाळींतून तो असा पसरला की, शहराची रचना हाच एक रोग आहे असे सरकारास वाटू लागले. १८९८ साली मुंबईत सुधारणा-मंडळ, म्हणजे ज्यास लोक ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत, ते स्थापन झाले. जुन्या वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढावयाचे, वारा व उजेड यांस वाट करून द्यावयाची, ही त्या मंडळाची मुख्य पद्धत होती. हेतू वाईट नव्हता. परंतु घर पडले तो मनुष्य गेला कोठे, याचा हिशेब नकाशात नसे. आणि तो बहुधा शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळीत शिरून तेथील दाटी वाढवीत असे. पुढे १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिलाच कायदा होय. येणेप्रमाणे यंत्र होते, कायदा होता, अधिकारीही होते; नव्हता तो एवढाच की, या सर्वांचा अर्थ उमलत्या पिढीस समजावून देणारा शिक्षक. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले खरे, तथापि सुमारे साठ वर्षे त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते. स्वतःचे अध्यापन-विभाग त्याने उघडले ते फार उशिरा, आणि त्या आरंभीच्या विभागांपैकीच एक म्हणजे १९१९ सालचा समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा, स्कॉटलंडमधला. शिक्षण घेतले ते जीवशास्त्राचे, आणि तेही हक्स्ले यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली. डंडी येथील कॉलेजात ते १८८८ पासून वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. वनस्पती पाहता पाहता हा मनुष्य नगरांकडे कसा वळला, याचे उत्तर एडिंबरोतील त्यांच्या राहणीत सापडते. १८८६ साली लग्न झाल्यावर त्यांनी पत्नी ॲना हिच्यासह बिऱ्हाड थाटले ते त्या शहराच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या, गरिबांच्या वस्तीत. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींस चुना लावणे, कोनाडे साफ करणे, खिडकीत फुलझाडे ठेवणे, येथून त्यांच्या नगररचनेस प्रारंभ झाला. पुढे त्याच वस्तीतील जुनी घरे दुरुस्त करून तेथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे त्यांनी काढली, आणि त्यांचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला. विद्यार्थ्याने शहराचा अभ्यास करावयाचा तर प्रथम त्या शहरात शेजारी म्हणून राहावे, ही त्यांची समजूत तेव्हापासूनची.

१८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या एका उंच इमारतीचे ‘दर्शन-मनोऱ्या’त रूपांतर केले. येणाऱ्यास ते प्रथम अगदी माथ्यावर नेत. तेथे आरसा व भिंग यांच्या योगाने सभोवतालचे सारे शहर एका पांढऱ्या मेजावर हलत्या चित्रासारखे उमटत असे. ते पाहून झाल्यावर एकेक मजला खाली उतरावयाचे : प्रथम एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, मग युरोप आणि अखेर जग. आपण शाळेत भूगोल शिकतो तो बहुधा याच्या उलट क्रमाने. पृथ्वीच्या गोलापासून आरंभ करतो आणि स्वतःच्या गावापर्यंत पोचण्यापूर्वीच वर्ष संपते.

गेडिस यांच्या विचारसरणीतील आणखी एक कल्पना येथे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या प्रांताशी तिचा निकटचा संबंध लागतो. कोणतेही नगर एकटे उभे नसते. ते आपल्या नदीच्या खोऱ्याचे अपत्य असते, असे ते मानीत. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एक उभी रेघ काढावी, आणि तिच्यावर खाणकरी, लाकूडतोड्या, शिकारी, धनगर, शेतकरी, कोळी असे धंदे क्रमाने मांडीत जावे; म्हणजे खालच्या नगरात कोणकोणते पेठे व मोहल्ले का आहेत याचा उलगडा होतो. स्थळ, काम आणि लोक ही तीन सूत्रे त्यांच्या तोंडी सदैव असत. त्यांतील एक जरी वगळले तरी आराखडा चुकतो, असे ते सांगत.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून साठीस पोचलेले गेडिस हिंदुस्थानास निघाले. बरोबर नगरांविषयीचे त्यांचे प्रसिद्ध प्रदर्शन यावयाचे होते : कित्येक वर्षे जमविलेले नकाशे, चित्रे, आराखडे. ते सामान ‘क्लॅन ग्रँट’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर चढविलेले होते. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते, आणि हिंदी महासागरात धुमाकूळ घालणाऱ्या ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने ऑक्टोबरमध्ये ते जहाज बुडविले. आयुष्यभराची सामग्री समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. गेडिस यांनी स्वदेशातील मित्रांस लिहून नवी चित्रे मागविली, आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासेत प्रदर्शन उघडले देखील. ते भरले होते विद्यापीठाच्या सिनेट-मंदिरात. नगररचनेचे पहिले मोठे प्रदर्शन या देशात विद्यापीठाच्या वास्तूत भरावे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस यांनी या देशातील कितीतरी नगरे पायाखाली घातली. मद्रास इलाख्यातील नगरांवर १९१५ साली त्यांनी अहवाल लिहिले. त्यांत आपल्या भोसल्यांचे तंजावर होते. त्याच वर्षी मुंबई इलाख्यातील सहा नगरांवरही त्यांनी लिहिले. मध्यप्रांतातील नागपूरही त्यांच्या पाहणीतून सुटले नाही. या अहवालांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो, त्यास आपण ‘जपणारी शस्त्रक्रिया’ म्हणू. इंजिनियर पट्टी घेऊन दाट वस्तीवर चौकटी आखतो आणि मध्ये येईल ते पाडतो. गेडिस प्रथम गल्लीबोळ चालून पाहत. कोणते घर आधीच पडीक आहे, कोठे एक भिंत काढली तर हवा खेळेल, कोणत्या बोळाच्या तोंडी एखादे झाड लावले तर शेजाऱ्यांस बसावयास पार होईल, याची नोंद करीत. आणि मग जेथे नाइलाज तेथेच पाडावयास सांगत. त्यात खर्च पुष्कळच कमी येई आणि माणसे जागची उठत नसत. रोगाचे निदान आधी, उपचार मागाहून. म्हणजेच पाहणी आधी आणि आराखडा मागाहून, हे त्यांचे ब्रीद होते.

तळ्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे तर त्या काळच्या आरोग्याधिकाऱ्यांस विचित्रच वाटले असले पाहिजे. हिवतापाचा डास तळ्यात वाढतो, तस्मात् तळे बुजवा, असा त्या वेळचा शिरस्ता होता. गेडिस म्हणत, तळे नीट राखा. त्यात मासे सोडा, बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील. तळ्याने हवा थंड राहते, विहिरींस पाणी मिळते, उत्सवास जागा होते. एका दोषासाठी इतके गुण मातीत का घालावे? मूळचा जीवशास्त्रज्ञ नगररचनेत आल्याने जो लाभ झाला तो येथे स्पष्ट दिसतो.

पण त्यांच्या अध्यापनाचा खरा नमुना पाहावयाचा तर इंदुरास गेले पाहिजे. १९१७-१८ च्या सुमारास होळकर दरबाराने त्यांस पाचारण केले, तेव्हा शहर प्लेगाने व हिवतापाने गांजलेले होते. लोकांत हा नवा साहेब म्हणजे घरे पाडावयास आलेला कोणी, अशी भीती पसरली होती. गेडिस यांनी दरबाराकडून दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे आपल्या हाती मागून घेतली आणि जाहीर केले की, यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरील घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. केरकचरा वाहून नेण्याची सोय फुकट केली. मग काय विचारता! ज्या कामासाठी नोटिसा काढून अधिकारी थकले होते ते लोकांनी चढाओढीने केले.

त्या मिरवणुकीत प्लेगाचा अवाढव्य उंदीर होता, रोगाचे राक्षस होते. आणि त्यांच्या मागून शुभ्र कपडे घातलेले, गळ्यात फुलांच्या माळा असलेले, हाती नवे झाडू घेतलेले शहरातील झाडूवाले चालत होते. ज्यांस एरवी रस्त्याच्या कडेने जावे लागे त्यांस त्या दिवशी मिरवणुकीत मानाचे स्थान होते. त्यांच्याही मागे नगरदेवता येत होती, आणि तिच्या निशाणावर नव्या इंदूरचा नकाशा काढलेला होता. लोकांस तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी त्या उंदराचे व राक्षसांचे दहन झाले. आजच्या वाचकास यात थोडे नाटक वाटेल, आणि ते होतेही. परंतु नगराचा नकाशा कचेरीच्या पेटीतून निघून रस्त्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर आला, असे प्रसंग आपल्या इतिहासात फार थोडे आहेत.

इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन भागांत छापला गेला. त्यांतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, नद्या, बागा, घरे व गटारे यांच्या जोडीला त्यांनी विद्यापीठाचाही सविस्तर विचार केला. शहर सुधारावयाचे तर त्यास स्वतःचे विद्यापीठ पाहिजे. आणि ते विद्यापीठ असे पाहिजे की, त्याचे ग्रंथालय, संग्रहालय व प्रयोगशाळा शहराच्या नित्य व्यवहारात उपयोगी पडाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. ती योजना त्या काळी कागदावरच राहिली; इंदूरास विद्यापीठ लाभले ते १९६४ साली.

या कामाच्या ऐन धामधुमीत १९१७ साल त्यांच्यावर जो घाला घालून गेले तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एप्रिलात त्यांचा वडील मुलगा ॲलस्टर फ्रान्समधील रणांगणावर मारला गेला. इकडे पत्नी ॲना विषमज्वराने अंथरुणास खिळलेली होती. मरणोन्मुख आईस ही वार्ता सांगण्याचे धैर्य गेडिस यांस झाले नाही. मुलाची जुनी पत्रे ते तिला वाचून दाखवीत राहिले. जून महिन्यात ती वारली. याच दिवसांत दार्जिलिंग येथे त्यांनी शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरविला होता, आणि जगदीशचंद्र बोस व रवींद्रनाथ यांचे साहाय्य त्यास लाभले होते. स्वतःचे घर मोडून पडत असताना हा साठी उलटलेला मनुष्य दुसऱ्यांच्या मुलांस शिकवीत होता.

असा हा अध्यापक १९१९ साली मुंबई विद्यापीठाच्या नव्या विभागाचा प्रमुख म्हणून आला. विभागाच्या नावातच समाजशास्त्राबरोबर नागरिकशास्त्र होते, आणि हे नागरिकशास्त्र शाळेतल्यासारखे हक्क व कर्तव्ये पाठ करण्याचे नव्हते. गेडिस यांच्या लेखी नागरिकशास्त्र म्हणजे आपले नगर पायी फिरून, नकाशावर उतरवून, त्याचा भूतकाळ व भविष्यकाळ एकत्र वाचण्याची विद्या. त्यांनी शिष्यवृत्तीसाठी इच्छुकांकडून निबंध मागविले तेव्हा एका तरुणाने ‘नागरी केंद्र या दृष्टीने मुंबई’ अशा विषयावर लिहून दिले. तो तरुण मालवणचा, संस्कृताचा नामांकित पदवीधर, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविणारा गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिस यांची व्याख्याने तो ऐकत होताच. निबंध पसंत पडला, आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर घुर्ये विलायतेस गेले. प्रथम लंडनला आणि मग केंब्रिजला. १९२४ साली गेडिस प्रकृतीच्या कारणाने मुंबई सोडून गेले, आणि त्याच वर्षी विभागाची धुरा घुर्ये यांच्या खांद्यावर आली.

येथवरचा वृत्तान्त गुरुशिष्य-परंपरेच्या कथेसारखा सरळ दिसतो. परंतु पुढे काय घडले ते तितके सरळ नाही, आणि आपल्या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. घुर्ये यांनी मुंबईच्या विभागास हिंदुस्थानातील समाजशास्त्राचे माहेरघर बनविले, यात शंका नाही. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासला जातो. पण त्यांची विद्या मुख्यतः ग्रंथांतून, संस्कृत वाङ्मयातून आणि शिरगणतीच्या अहवालांतून उभी राहिली. गुरूचा नकाशा, गुरूची पायपीट आणि गुरूचे प्रदर्शन ही विभागात रुजली नाहीत. विभागातून पंडित निघाले, पुढे थोर अध्यापकही निघाले. पण मुंबईच्या गल्लीबोळांचा आराखडा करणारा अधिकारी आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांची गाठ पुन्हा पूर्वीसारखीच पडेनाशी झाली.

याचा दोष केवळ शिष्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. गेडिस स्वतः वर्षातील काही भागच मुंबईत असत. त्याच काळात पॅलेस्टाइनमधील नगरांची व जेरुसलेमच्या विद्यापीठाची कामे त्यांच्याकडे होती. त्यांची व्याख्याने समजावयास कठीण असत. आवाज दाढीतच विरून जाई, एका विचारातून दुसऱ्यात ते केव्हा उडी घेतील याचा नेम नसे. शिवाय ज्या अहवालांतून त्यांची खरी शक्ती दिसते ते दरबारांसाठी व नगरपालिकांसाठी लिहिलेले, थोड्या प्रतींत छापलेले. विद्यार्थ्याच्या हाती सहजी पडावेत असे ते नव्हते. मुख्य अडचण तर निराळीच होती. परीक्षा घेणाऱ्या संस्थेस पायपिटीस गुण कसे द्यावे हे ठाऊक नसते. व्याख्यान वहीत उतरते आणि वही परीक्षेत उतरते. पण बोळाच्या तोंडी उभे राहून म्हाताऱ्या बाईशी केलेले बोलणे कोणत्या प्रश्नपत्रिकेत बसवावयाचे?

तथापि एकदा टाकलेले बी अगदीच वाया जात नाही. घुर्ये यांच्याच हाताखाली १९२८ साली एम. ए. झालेल्या इरावती कर्वे यांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्र अक्षरशः पायी पालथा घातला. १९६५ साली त्यांनी ज. स. रणदिवे यांच्यासह एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता सातारा जिल्ह्यातील फलटण हे वाढते गाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख. लहान नगर व त्याची खेडी यांचा परस्पर व्यवहार एकत्र पाहावयाचा, हा विचार गेडिस यांच्या खोऱ्याच्या कल्पनेपासून फार दूर नाही. दुसरीकडे पुण्यास १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची आर्थिक व सामाजिक पाहणी घरोघर जाऊन करविली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली निघाले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या वास्तुशास्त्र विभागाचे क्लॉड बॅटली हे १९२३ पासून वीस वर्षे प्रमुख होते. ते स्वतः व्यवसाय करणारे वास्तुशिल्पी; जुन्या वास्तूंची मापे विद्यार्थ्यांकडून जागेवरच घेवविण्याचा त्यांचा परिपाठ होता. म्हणजे पायपीट, पाहणी आणि मोजमाप ही तीन अंगे महाराष्ट्रात जिवंत राहिली. पण निरनिराळ्या घरी. ती एका छपराखाली आणण्याचा गेडिस यांचा बेत मात्र सिद्धीस गेला नाही.

नगररचनाही इकडे आपल्या वाटेने गेली. १९४७ साली मोडक व मेयर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा मांडली. १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. त्याचे पंचविसावे कलम वाचले म्हणजे गेडिस यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कारण आराखड्यापूर्वी पाहणी करून अस्तित्वात असलेल्या जमीन-वापराचा नकाशा तयार केला पाहिजे, असे ते सांगते. त्यापुढे प्रारूप प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात असेही आहे. एका वृद्ध प्राध्यापकाचे ब्रीद येणेप्रमाणे कायद्याचे कलम झाले. परंतु पाहणी कोणी व कशी करावी, हे सांगण्याचे सामर्थ्य कायद्यात नसते. आज ती बहुधा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून होते.

आता पोंभुर्ण्याच्या मुलखाकडे पाहू. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा व जंगलाचा प्रदेश. येथील शेती शतकानुशतके तलावांवर उभी आहे. गोंड राजांच्या काळी जो तलाव बांधील त्यास त्याखालची जमीन मिळे, असे या भागात परंपरेने सांगितले जाते. चंद्रपूर-भंडारा भागातील कोहळी समाजाची तलाव बांधण्यातील ख्याती तर सर्वश्रुत आहे. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. आज त्यांस माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. तलावाखाली धानाचे बांध, तलावात ढिवरांची मासेमारी, काठावर गुरांचे पाणी, आणि लहान शेतकऱ्याच्या शेताच्या वरच्या अंगास त्याची स्वतःची बोडी. अशी ही व्यवस्था. स्थळ, काम आणि लोक ही गेडिस यांची तिन्ही सूत्रे एका पाळीवर उभे राहून दिसतात.

उपग्रहाच्या छायाचित्रात पावसाळ्यानंतर हा तलाव निळा दिसतो. मे महिन्यात घेतलेल्या छायाचित्रात तीच बोडी कोरडी, मोकळी जमीन म्हणून दिसेल. आणि गाव नगर होत असताना मोकळ्या जमिनीस मागणी पुष्कळ असते. पाणी कोणत्या अंगाने येते, सांडव्यातून कोणाच्या बांधीत उतरते, मासे धरण्याचा हक्क कोणाचा, हे छायाचित्र सांगत नाही. ते सांगतो पाण्याची पाळी पाहणारा म्हातारा शेतकरी आणि जाळे विणीत बसलेला ढिवर. नगररचनाकार एकटा आला तर त्यास या दोघांशी बोलावयास सवड नसते. विद्यार्थी एकटा आला तर त्याच्या टिपणास कचेरीत किंमत नसते. दोघे बरोबर आले तर मात्र तेच टिपण आराखड्याचा पाया होऊ शकते.

अशी सांगड अशक्य आहे असे म्हणण्याचे कारण नाही. चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या खोऱ्याचे विद्यापीठ तेथलीच मुले त्यात शिकतात. धानाची बांधी व बोडी त्यांस पुस्तकातून शिकावी लागत नाही. आणि अभ्यास व निर्णय यांची गाठ कशी घालावी याचा धडा तर याच वनप्रदेशातील एका लहान गावाने घालून दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे ग्रामसभेइतकाच वाटा तेथील अभ्यासगटांचा होता. गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषयाची चर्चा करीत. निर्णय मात्र ग्रामसभा घेई. जाणकाराने जाणते ते सांगावे, नेणते ते विचारावे, आणि निवाडा गावावर सोपवावा, ही रीत एडिंबरोच्या मनोऱ्याचे नावही न ऐकलेल्या माणसांनी स्वतःच्या बुद्धीने बसविली.

तज्ज्ञाने विद्यापीठात येऊन दोन व्याख्याने द्यावीत, चित्रे दाखवावीत, टाळ्या घ्याव्यात, हे आजकाल पुष्कळ ठिकाणी होते, आणि त्यात वावगे काही नाही. पण मुंबईच्या प्रयोगाचा अनुभव असा की, तेवढ्याने विद्या हस्तांतरित होत नाही. व्याख्यानातून गेडिस यांचे नाव शिल्लक राहिले; त्यांचा डोळा ज्यांस लाभला ते त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्यासारखे चालले. पोंभुर्ण्यासारख्या नगरांच्या आराखड्यांवर आज ज्या रेघा ओढल्या जातील त्या पुढील पिढीस पुसता येणार नाहीत. बुजलेली बोडी कोणी पुन्हा खणीत नाही. तेव्हा रेघ ओढणाऱ्याने त्याआधी तेथील कॉलेजातील दहा मुले बरोबर घेऊन पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा सारे गाव पायी फिरावे, आणि त्या फिरण्याची नोंद आराखड्यास जोडावी, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. याला खर्च फार नाही, नवा कायदाही नको. पंचविसावे कलम त्यास पुरेसे आहे.